मोठीमाय तारखेला जाते

सोमवारी सकाळी मोठीमाय उदगीरच्या डाळ गिरणीत कामाला गेली. फाटकावर मुकादम म्हणाला, "तुला घ्यायचं न्हाई." ती घरी आली.

मोठीमाय म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, शेवंताबाई. दुष्काळाचं साल होतं. गिरणीत बायकांसाठी ठेवलेला रांजण कोरडा पडला होता. पाणी आल्याशिवाय डाळ पाखडायला सूप हातात धरणार नाही, असं सगळ्यांच्या वतीनं ती बोलली होती. बोलल्यावाचून तिला राहवत नसे. ओरडणं मात्र तिला कधी जमलं नाही. कामगार कोर्टात दावा लावला तोही आवाज न चढवता.

गिरणीचे मालक अप्पा. त्यांनी लेखी उत्तर दिलं की ही बाई आमच्याकडे कधी कामालाच नव्हती. मी ते तिला वाचून दाखवलं. हजेरीत बायकांची नावं लिहीतच नसत, त्यामुळे आमच्याजवळ दाखवायला काही नव्हतं. ती म्हणाली, "काढली म्हनले असते तर सोसलं असतं. नव्हतीच म्हनतेत?" त्यानंतर तिला एवढंच हवं होतं. आपण तिथं राबलो, हे कोर्टानं म्हणावं.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. तारखेला लातूरला जायला सोयीची एसटी एकच, आणि अप्पाही त्याच गाडीत. ते खिडकीतून रुमाल टाकून दोन जागा धरत.

"बस शेवंताबाय. गुडघा कसा हाय?"

"हाय तसाच. तुमच्या बोअरला पानी?"

"कुठलं पानी, माय!"

गाडीत गिरणीचा विषय काढायचा नाही, असं दोघांच्याही वकिलांनी बजावलं होतं. दोघंही ते पाळत. मी एकदा चिडून विचारलं, "ज्याच्यावर दावा, त्याच्याच शेजारी बसतीस?" ती म्हणाली, "भांडन कोर्टात हाय. गाडीत उभं राहून माझा गुडघा बरा व्हनार हाय का?"

कधी कोर्टाचे साहेब रजेवर, कधी वकील गैरहजर, कधी फाइल अजून जुन्या जिल्ह्यात. साक्षीला येतो म्हणालेल्या बायका आल्या नाहीत. मोठीमाय त्यांच्यावर रुसली नाही. "त्यांना उद्या त्याच फाटकातून आत जायचं असतंय," म्हणाली.

शेवटी अप्पा पिंजऱ्यात उभे राहिले. शपथ घेऊन म्हणाले, "या बाईला मी ओळखत नाही." आमच्या वकिलांचे प्रश्न संपले, अप्पा ढळले नाहीत. मग साहेबांनी मोठीमायकडे पाहिलं. "बाई, तुम्हाला काही विचारायचंय?"

तिला खरंच विचारायचं होतं. गाडीत मनाई असल्यामुळे तुंबून राहिलेलं.

"अप्पा, माझ्या जागी पाखडायला कोन बसवलीय?"

"गोदावरी हाय," अप्पा म्हणाले. "पन तुझ्यावानी हात न्हाई तिचा. खडा जातो डाळीत."

"मला वाटलंच! सूप लई उंच धरती ती."

अप्पांच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. साहेब लिहायचे थांबले, त्यांनी अप्पांकडे पाहिलं आणि ते पुन्हा लिहू लागले. परतीच्या गाडीत अप्पांनी जागा धरली होती.

ती तिथली कामगार होती, तिला कामावर परत घ्यावं, असा निकाल लागला. पण निकाल येईपर्यंत तिची नजर अधू झाली होती. एक हंगाम ती कामाला गेली. डाळीतला खडा दिसेना, तेव्हा स्वतःच थांबली.

पुढे काढून टाकलेली माणसं तिला विचारायला येत. अंगणात बसवून ती सांगे, "भाकर बांधून जायचं. आधी ते म्हनतील, तू नव्हतासच. तवा रडायचं न्हाई. अन् निकाल लागंस्तवर दुसरं काम धरून ठेवायचं बाबा."

गेल्या थंडीत मोठीमाय वारली. गिरणी चालू आहे. कामाला येणाऱ्या बाईचं नाव तिथं आता पहिल्याच दिवशी हजेरीत लिहितात.