अक्काच्या मांजरीचं दुखणं

अक्का उपचारासाठी लातूरला गेली आणि तिची मांजर माझ्याकडे आली.

अक्का माझी मोठी बहीण. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. भोकरजवळच्या आमच्या गावात ती एकटी राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिनं सारी उमर काढली. गावातल्या निम्म्या पोरांना तिनंच पहिल्यांदा ताटासमोर बसून खायला शिकवलं होतं. मांजर तिच्याकडे सात वर्षं होती. राखाडी पाठ, पांढरं पोट. तिला वेगळं नाव नव्हतं. अक्का तिला नुसतं 'पोरी' म्हणायची, आणि हाक मारली की ती कुठूनही यायची.

दिवाळीनंतर अक्काला घास अडकायला लागला. आधी भाकरी जाईना, मग भात जाईना. नांदेडला दुर्बीण घालून बघितलं तेव्हा अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. माझी लेक लातूरला नोकरीला आहे, तिचं घर दवाखान्यापासून जवळ. म्हणून शेक, म्हणजे रेडिएशन, तिकडेच घ्यायचे ठरले. बाईमाणसाजवळ बाईमाणूस पाहिजे म्हणून माझी बायको तिच्यासोबत गेली. मी शाळेत कारकून. दहावीच्या परीक्षा तोंडावर होत्या, रजा मिळणं अवघड होतं. पण खरं सांगायचं तर मी रजा मागितलीच नाही. वडिलांच्या शेवटच्या दिवसांत मी दवाखान्यात राहिलो होतो. तेव्हापासून फिनाईलचा वास आला तरी माझे हातपाय गार पडतात. अक्कानं जाताना मला म्हटलं, "तू हितंच राहा. पोरीकडं कोण बघल?" ते ऐकून माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. बहिणीनं दिलेलं काम म्हणून मी मांजर सांभाळणार होतो. बाकीचं मनातल्या मनात मी झाकून टाकलं.

मांजर पिशवीत घालून भोकरला माझ्या घरी आणली. घरात सोडल्याबरोबर ती गव्हाच्या कोठीमागं जाऊन बसली. पहिले दोन दिवस मला वाटलं, नवी जागा आहे, रुसली असेल. दुधाची वाटी ठेवायचो, संध्याकाळी तशीच उचलायचो. भाकरी कुस्करून बघितली, मलई ठेवून बघितली. ती वासही घेईना. सहाव्या दिवशी तिला ओढून बाहेर काढलं तर हातात नुसती कातडी आल्यासारखी लागली. उजेडात धरलं आणि मी चरकलो. तिच्या कानांच्या आतला भाग हळद लावल्यासारखा पिवळा झाला होता.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी तिचे डोळे बघितले, हिरड्या बघितल्या आणि सरळ सांगितलं, की माझा हात गाई-म्हशींवर बसलेला आहे, इथं वेळ घालवू नका, नांदेडला न्या. तसाच बसनं नांदेडला गेलो. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई फक्त कुत्री-मांजरं बघतात. त्यांनी पुढच्या पायातून रक्त घेतलं, कातडीखाली सलाईन दिलं आणि मला समोर बसवून समजावून सांगितलं. मांजर आठवडाभर उपाशी राहिली की अंगातली चरबी लिव्हरवर जाऊन बसते, त्यानं कावीळ होते, आणि कावीळ झाली की भूक आणखी मरते. औषधं देते, पण खरं औषध अन्नच आहे. ती स्वतःहून खाणार नाही, तुम्हाला भरवावं लागेल. किती दिवस, ते सांगता येणार नाही. पुष्कळ मांजरं यात दगावतात.

मी विचारलं, काय भरवायचं? त्या म्हणाल्या, कोंबडीचं मांस शिजवून, मिक्सरमधून पातळ करून, गाळून.

माझ्या गळ्यात बावीस वर्षांपासून तुळशीची माळ आहे. घरात अंडंसुद्धा आलेलं नाही. त्या दिवशी भोकरला उतरून मी आयुष्यात पहिल्यांदा कोंबडीच्या दुकानासमोर उभा राहिलो. दुकानदार माझ्या ओळखीचा, माझ्या गळ्याकडे बघून त्यानं हातातली सुरी खाली ठेवली. मी त्याला मांजरीचं सांगितलं. त्यानं हाडं काढून, बारीक तुकडे करून दिले. परसात तीन विटा मांडून, जुन्या अॅल्युमिनियमच्या पातेल्यात मी ते शिजवलं. बायकोला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मिक्सरचं जुनं भांडं माळ्यावर आहे, ते घ्या, आणि ते पुन्हा खाली आणू नका.

भरवणं सोपं नव्हतं. तिला टॉवेलात गुंडाळायचं, मांडीत धरायचं, बिनसुईची सिरिंज तोंडाच्या कोपऱ्यातून घालायची आणि थेंब थेंब सोडायचं. घाई केली तर अन्न फुप्फुसात जातं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. दर तीन तासांनी. शाळा घराच्या मागच्या गल्लीत असल्यानं मधल्या सुट्टीत पळत यायचो. पहिल्या दिवसांत निम्मं बाहेर यायचं, निम्मं माझ्या शर्टावर. तिनं मनगटावर ओरखडे काढले. नंतर तिच्यात ओरखडायचीही ताकद राहिली नाही आणि मला ते जास्त वाईट वाटलं. अंग चाटायचं तिनं सोडलं होतं, केस चिकटून गेले होते. मी कोमट पाण्यात फडकं भिजवून तिला पुसायचो. दर दोन दिवसांनी शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर पिशवीसकट तिचं वजन करायचो. काटा खालीच चालला होता.

रोज सकाळी अक्काचा फोन यायचा. तिचा आवाज बसत चालला होता. पहिला प्रश्न ठरलेला.

"पोरी खाती का?"

"हाव, खाती की. तू जेवलीस का?"

"जेवले. पेज घेतली वाटीभर."

एवढंच. लेकीनं एकदा सांगितलं, व्हिडिओ कॉल लावून देते, मांजर तरी बघू दे आत्याला. अक्का नको म्हणाली. म्हणाली, माझं तोंड नको दाखवू त्याला, लई वाळलंय. मला आतून बरं वाटलं, कारण पिवळीजर्द, काड्यांसारख्या पायांची मांजर मला तिला दाखवायची नव्हती. आपण दोघं एकमेकांना सारखंच फसवतोय, हे माझ्या ध्यानात आलं नाही. खरं तर ध्यानात येऊ द्यायचं नव्हतं. अक्काचं बोलणं दर दिवशी दोन शब्दांनी कमी होत होतं, ते मला ऐकू येत होतं.

एका सकाळी ती म्हणाली, फोन पोरीच्या कानाला लाव. मी स्पीकर चालू करून मांजरीजवळ ठेवला. ती टॉवेलावर आडवी पडली होती, डोळे अर्धे मिटलेले. फोनमधून घोगरा, फाटका आवाज आला, "पोरी. ये पोरी." तो अक्काचा आवाज म्हणून मलाही लवकर ओळखू आला नसता. मांजरीनं मान उचलली. फोनकडे न बघता दाराकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मी अक्काला म्हणालो, शेपूट हलवून राहिली बघ. तिनं शेपूट हलवली नव्हती.

भरवायला लागल्यापासून नवव्या दिवशी ती तोंड उघडून श्वास घ्यायला लागली. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, घेऊन या. पुन्हा बस, पुन्हा सलाईन, एक इंजेक्शन. परत येताना मुदखेडच्या एका म्हातारीशेजारी जागा मिळाली. पिशवीत काय आहे ते तिनं विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, एका मांजरीपायी एवढा हैराण होऊन राहिलास बाबा. मी पिशवी मांडीवर नीट धरली. घरी आल्यावर मी मांजरीला मांडीवर घेतलं आणि मोठ्यानं बोललो, घरात कुणी नव्हतं म्हणून बोलू शकलो. म्हणालो, "तुला मरायचं तर मर, पण अक्काला येऊ दे आधी." मग सिरिंज भरली.

त्यानंतर कधी कमी, कधी जास्त, असं चाललं. बाराव्या दिवशी काटा खाली गेला नाही. सोळाव्या दिवशी सिरिंज पुढं केल्यावर तिनं स्वतःहून जीभ काढली. कानांचा पिवळेपणा फिकट दिसायला लागला, पण मला वाटलं, आपल्याला हवं तेच दिसतंय.

त्याच दिवसांत अक्काचे फोन थांबले. बायको म्हणायची, घसा दुखतोय, डॉक्टरांनी बोलू नको म्हणून सांगितलंय. मी मान्य केलं. खोदून विचारलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी मी जमिनीवर ताट घेऊन बसलो होतो. दुधात भाकरी कुस्करली होती, दुसरं काही करायचं त्राण नव्हतं. मांजर कोठीजवळून उठली. पाय लटपटत होते. माझ्याजवळ आली, ताटाच्या काठावर एक पाय ठेवला आणि त्यात तोंड घातलं. उष्ट्याखरकट्याचं मला लई वावडं. बायको त्यावरून मला कायम बोलते. पण मी हात तसाच अधांतरी धरून बसून राहिलो. तिनं चार-पाच वेळा जीभ मारली, थांबली, दम घेतला आणि परत खायला लागली. मला रडू आलं. तिला धक्का लागू नये म्हणून मी आवाज न करता रडलो.

तिचं झाल्याबरोबर मी लातूरला फोन लावला. बायकोला म्हणालो, फोन अक्काच्या कानाशी धर, ती बोलली नाही तरी चालेल. मग मी सगळं खरं सांगून टाकलं. पोरी लई आजारी होती, जगेल असं वाटत नव्हतं, मी तुझ्याशी रोज खोटं बोललो, पण आज तिनं माझ्या ताटातली भाकरी खाल्ली. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मग बायको फोन घेऊन बाहेर गेली असावी, कारण मागं माणसांचे, स्टुलांचे आवाज आले. ती म्हणाली, "आता तुम्ही पण ऐका. अक्काच्या नाकात नळी घालून पंधरा दिवस झाले. पेज नाही, पाणी नाही. तुम्हाला सांगू नको म्हणून तिनं मला शपथ घातली होती. शेक बंद केलेत. तुम्ही निघा."

मी किराणा दुकानदाराच्या बायकोकडे मांजर सोपवली, पातेलं, सिरिंजा, सगळं दाखवलं आणि निघालो. नांदेडहून लातूरची बस मिळाली. लोहा, अहमदपूर कधी मागं पडलं, आठवत नाही. दवाखान्याच्या दारात फिनाईलचा तोच वास आला आणि मी थांबलो नाही. इतकं सोपं होतं ते.

अक्का पलंगावर एवढीशी दिसत होती. तिचे हात मी पहिल्यांदा नीट बघितले, कातडी हाडांना चिकटलेली. तिनं डोळे उघडले, मला ओळखलं. कपाळाला आठी घालून, ओठांतल्या ओठांत बोलली. मला कान जवळ न्यावा लागला.

"एकटी सोडून आलास तिला? कोण भरवून राहिलंय?"

"तिची ती खाती आता."

तिच्या कपाळावरची आठी गेली. "मग बरं," म्हणाली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. झोपेतच असायची. नर्सबाई नळीतून दूध सोडायच्या तेव्हा मी बाजूला उभा राहायचो. दुसऱ्या दिवशी त्यांना विचारून मोठी सिरिंज मी हातात घेतली. हळूहळू सोडायचं मला येत होतं. नर्सबाई म्हणाल्या, तुम्हाला सवय दिसते. चार वेळा मी तिला दूध दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का गेली. आम्ही तिला गावी आणलं.

तेराव्यानंतर घरी आलो तेव्हा मांजर दुकानदाराच्या ओट्यावर बसलेली होती. कान स्वच्छ, गुलाबी. अंग चाटून नीट केलेलं. मला बघून जवळ आली. मी तिला उचललं नाही. पुढचे दोन-तीन महिने मला तिला हात लावता आला नाही. वाटीत खायला टाकायचं काम बायकोनं घेतलं. ती पायाशी आली की मी पाय काढून घ्यायचो. एकोणीस दिवस मी हिला घेऊन बसलो होतो. त्यातले चार दिवस, दोन दिवस जरी लातूरला गेलो असतो! बायकोनं एकदा विचारलं, त्या मुक्या जिवाचं काय चुकलं? मला माहीत होतं की तिचं काही चुकलं नव्हतं. मांजर नसती तर मी दुसरं काही निमित्त शोधलं असतं, परीक्षेचं, पेपरच्या गठ्ठ्यांचं. हे कबूल करायला मला तो सगळा उन्हाळा लागला.

पावसाळ्यात तिला पुन्हा तपासायला नांदेडला नेलं. डॉक्टरीणबाईंनी कान बघितले, पोट दाबून बघितलं, वजन केलं. खूश झाल्या. म्हणाल्या, इतके दिवस चिकाटीनं कुणी भरवत नाही काका, लोक आठ दिवसांत सोडून देतात, तुमची फार माया दिसते हिच्यावर. मी मान हलवली. ही माझ्या बहिणीची आहे, एवढं सांगायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. मांजर टेबलावर बसून खिडकीबाहेरचा पाऊस बघत होती. मी पाणी प्यालो, तिला पिशवीत घातलं आणि बसस्टँडकडे निघालो.