मोंबासा ते कंपाला, संत्र्याच्या सालींवर

माझ्या लहानपणच्या दोस्तानं मला फसवलं, हे संत्रं सोललं की त्या वासानं अजून आठवतं. स्वातंत्र्यानंतरच्या चौथ्या-पाचव्या हिवाळ्यात सक्करदऱ्याच्या तलावाकाठी त्यानं साली मांडल्या: ही मोंबासा, ही नैरोबी, ही कंपाला. मोंबाशाला त्याच्या मामाची जीप होती. ती स्वतः चालवत आम्ही दोघं केनिया, युगांडा, टांगानिका पाहणार होतो. नैरोबीच्या पुढे गाडी मीच चालवणार, असं मी म्हटलं. तो हसला. "तुले घाट जमत नाही गा, तू बाजूले बसून सिंह मोज." "मंग मी येतच नाही!" म्हणून मी उठलो. मी कापडबाजारात वाढलेला. सौदा अडला की उठायचं, मागून हाक येते, मग पुन्हा बसायचं. मी हळूहळू चाललो, वहाणेचा अंगठा दोनदा नीट केला. मागून फक्त बिया थुंकल्याचा आवाज आला. महिन्याभरात तो आपल्या साळ्याला घेऊन बोटीत बसला. आज माझ्या दारात दोन गाड्या आहेत, पण मोंबासा मी पाहिलं नाही. मी परत बसण्यासाठीच उठतो, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून त्यानंच जबाब द्यावा: हाक काहून नाही मारली गा?