बारावं पाऊल

मावशीचा धंदा पावलांचा. सिनेमात राजा चालो नाहीतर चोर, आवाज मावशीच्या पायांचा. बंद खोलीत फळी, फरशी, खडीचा ट्रे मांडायचा आणि पडद्यावरच्या माणसाशी पाऊल मिळवत जागच्या जागी चालायचं. बर्फातली पावलं हवी असली की पिशवीत पीठ भरून दाबायची. पंचवीस वर्षांत तिनं नवऱ्यामुली चालवल्या, तिरडीचे खांदेकरी चालवले. "आवाज कुणाच्या ध्यानातच आला नाही, म्हणजे सिनेमा जमला," म्हणायची. आणि एक नियम: चित्रात पाय नाही तिथं पाऊल नाही. त्यापायी भल्याभल्यांशी तिची जुंपली होती.

या खेपेला पडद्यावर एक म्हातारा जिना चढून घरी यायचा होता. पेटीतले सगळे बूट उपसले, एकही मनास येईना. शेवटी घरून नवऱ्याचे आणले. तो जाऊन वर्ष झालं होतं. उजवा पाय ओढायचा तो. टाच एका अंगानं झिजलेली. पुढं चिंध्या कोंबून मावशीनं ते चढवले.

म्हातारा अकरा पायऱ्या चढला आणि चित्राच्या चौकटीबाहेर गेला. मावशी थांबली. रेकॉर्डिंग ऐकून बघितलं, तर पावलं बारा.

"मावशी, एक जास्त पडलं. वय झालं आता," काचेपलीकडून आवाजवाला म्हणाला.

"वय माझं झालंय, कान तुझे गेलेत. परत घे."

परत घेतलं. अकरावी पायरी होताच तिनं उजवा बूट काढून हातात धरला. तरी बारावं आलंच. जरा उशिरा, ओढत.

आवाजवाल्याची थट्टा तिथंच विरली.

मावशीनं ओळखलं. घरचा जिना रोज असाच संपायचा. आधी डावा पाय, मग मागून फरफटत उजवा. जगाची पावलं साठवली बाईनं, घरच्या माणसाचं एक नव्हतं. आज मिळालं होतं.

"राहू द्या ते," काचेपलीकडं बसलेली दिग्दर्शकबाई हळूच म्हणाली. "अंगावर काटा आला माझ्या."

मावशीनं हातातला बूट खाली ठेवला.

"पूस," ती म्हणाली.

"मावशी, नीट विचार कर. पुसलं की गेलं," आवाजवाला म्हणाला.

"चित्रात पाय नाही, बाबा. आवाज घातलास तर लोक दचकतील आणि घरी जातील. जागा मोकळी ठेव. ज्याच्या घरी जो यायचा राहिलाय, तो येईल तिथं."

त्यानं पुसलं. तिनं बूट पिशवीत घातले.

सिनेमा लागला त्या दुपारी मावशी मागच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसली. म्हातारा अकरा पायऱ्या चढला. मग नुसता रिकामा जिना, आवाज कसला म्हणून नाही.

पुढच्या रांगेतल्या एका बाईनं मान वळवून दाराकडं बघितलं. मग तिच्या शेजारच्यानं. मग बघता बघता अर्ध्या थिएटरनं.

मावशीनं वळून बघितलं नाही. वाटेत आलेले आपले पाय तेवढे तिनं आत ओढून घेतले, कुणाला तरी जायला जागा करून द्यावी तसे.