सौद्याच्या पलीकडचा माणूस

खांडबाऱ्यात नुसतं एस्तेर गावित म्हटलं तर कुणाच्या पटकन लक्षात येत नाही. एस्तेर सिस्टर म्हटलं की स्टेशनबाहेरचा कुठलाही रिक्षावाला घर दाखवतो. त्यांची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून गेली. निवृत्त झाल्या आणि पाठोपाठ नवरा, दलपत, हृदयविकाराने गेले. दलपत रेल्वेत होते. एका औषध कंपनीचे शेअर थोडे थोडे घेऊन ठेवायचे, एवढाच त्यांचा शौक. बोनस मिळत गेला, शेअर वाढत गेले. विकायचा विषय घरात कधी निघालाच नाही.

ते शेअर आपल्या नावावर करून घ्यायला सिस्टर नंदुरबारला अकील बागवानच्या ऑफिसात गेल्या. अकीलच्या घरात मिरचीचा व्यापार, पण त्याने शेअर दलालीचं छोटं ऑफिस टाकलं होतं. कागद तयार होईपर्यंत सिस्टर बाकावर बसल्या. त्या दिवशी बाजार पडला होता आणि सगळे गप्प होते. शेजारचा एकच माणूस मोबाइलकडे बघून हसत होता.

"भाव पडले तर हा खूश कसा?" तो उठून गेल्यावर सिस्टरांनी विचारलं.

"त्यानी पुट घेयेल शे," अकील अहिराणीत म्हणाला, आणि मग नीट मराठीत सांगू लागला. "समजा तुम्हाला शेअर पडायची भीती आहे. तुम्ही थोडा प्रीमियम भरून पुट घ्यायचा. मुदतीत भाव ठरलेल्या आकड्याखाली गेला तर भरपाई मिळते. नाही गेला तर प्रीमियम गेला."

"म्हणजे विमा."

"तसंच समजा. फक्त इथं शेअर नसला तरी विमा काढता येतो. त्या माणसाकडे एकही शेअर नाही."

सिस्टरांना याची गंमत वाटली. "आणि विमा देणारा कोण?"

अकीलने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "समोर कोणीतरी विकणारा राहतो. पण कोण, हाई माले भी माहीत नही, सिस्टर. मशीनवर जुळी जास."

परतीच्या गाडीत सिस्टर तोच विचार करत होत्या. दवाखान्यात त्यांनी रक्ताच्या कितीतरी पिशव्या लावल्या होत्या आणि रक्त कुणाचं, हे कधी कळलं नव्हतं. पण रक्त देणारा घरी जाऊन जेवतो, झोपतो. इथे भाव पडला की समोरच्याला खिशातून भरावं लागणार. नाव नाही, गाव नाही, आणि तरी तो माणूस हा धोका का घेतो?

पुढच्या आठवड्यात काहीच काम नसताना त्या पुन्हा ऑफिसात हजर झाल्या. मग जातच राहिल्या. अकीलने त्यांना पडद्यावरचा तक्ता वाचायला शिकवलं. मधोमध भावांची उतरंड, डावीकडे कॉल, उजवीकडे पुट. कॉल म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचा हक्क. भाव वाढेल असं वाटणारा तो विकत घेतो. अकीलचं अ‍ॅप उघडलं की आधी एक चौकट यायची आणि सगळे ती न बघता बंद करायचे. सिस्टरांनी ती वाचली. दहापैकी नऊ सामान्य लोक या व्यवहारात तोट्यात जातात, असं तिथे बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या हवाल्याने लिहिलं होतं.

"हे नऊ बहुतेक घेणारे असतील," त्या म्हणाल्या.

"विकणारे भी राहतात. हातात शेअर नसताना कॉल विकला आणि भाव वर गेला, तर तोट्याला तळ नही."

"आणि शेअर हातात असला तर?"

"मग फक्त तो द्यावा लागतो. ठरलेल्या भावाला."

सिस्टरांचा भाचा विनोद आश्रमशाळेत शिक्षक होता. मुदत संपायच्या दिवशी स्वस्तातले कॉल घेण्याचा त्याला नाद होता. सिस्टरांनी त्यालाही विचारलं, तुला विकतो कोण?

"मावशी, ते बघून काय करायचं? भाव वाढला पाहिजे, बस."

त्याचे बहुतेक कॉल संध्याकाळपर्यंत शून्यावर यायचे. त्याने भरलेला प्रीमियम कुणाकडे तरी जात होता. तो कुणीतरी काय विचार करत असेल, हे बाहेरून कळणार नाही, असं सिस्टरांना वाटू लागलं. त्यांनी स्वतःच विकणारं व्हायचं ठरवलं.

कॉल ठरावीक शेअरांच्या गठ्ठ्यावर, म्हणजे लॉटवर विकला जातो, आणि दलपतांचे शेअर एका लॉटपेक्षा थोडे जास्तच होते. अकीलने तेच तारण ठेवून घेतले आणि विचारलं, "कोणत्या भावाला हे शेअर गेले तर तुम्हाला वाईट वाटणार नाही?" सिस्टरांनी बराच विचार करून चालू भावाच्या वरचा एक आकडा सांगितला. त्या भावाचा, महिन्याच्या मुदतीचा कॉल विकला गेला. प्रीमियम खात्यात आला. महिनाभर भाव तिथल्या तिथे राहिला, कॉल विरून गेला, प्रीमियम सिस्टरांचा झाला. पुढच्या महिन्यातही तसंच. पैसे मिळाले याचा आनंद होता, पण कुणाचा तरी अंदाज चुकल्याशिवाय ते मिळत नाहीत, हेही त्यांना जाणवत होतं. विकणाऱ्याला कसं वाटतं हे बघायलाच तर त्या यात उतरल्या होत्या.

तिसऱ्या महिन्यात कंपनीच्या एका औषधाला परदेशात परवानगी मिळाली आणि शेअर उसळला. सिस्टरांच्या आकड्याच्या किती तरी वर गेला.

अकीलचा फोन आला. "सिस्टर, दोन रस्ते शेतस. महाग झालेला कॉल परत विकत घ्या, किंवा शेअर जाऊ द्या."

"आपण भाव ठरवला होता ना?"

"ठरवला होता."

"मग जाऊ द्या."

फोन ठेवला आणि त्या दलपतांच्या खुर्चीत बसून राहिल्या. हिशोब त्यांना पटला होता. पण दलपतांनी इतकी वर्षं धरून ठेवलेलं आपण एका वाक्यात सोडलं, हे मनातून जात नव्हतं.

रविवारी चर्चहून घरी येतात तर विनोद पेढे घेऊन दारात उभा. शाळेत सगळ्यांना वाटून आला होता.

"मावशी, पहिल्यांदा मोठा फायदा हाती लागला. तुझ्याच कंपनीचा कॉल. तू सारखी त्या कंपनीचं बोलायचीस, म्हणून घेतला होता. वाढल्यावर लगेच विकून टाकला."

"कोणत्या भावाचा?"

त्याने आकडा सांगितला. सिस्टरांचाच आकडा होता. महिनाही तोच.

सिस्टरांना हसू आवरेना. काय झालं ते कळल्यावर विनोदचा चेहरा उतरला. "मी परत देतो, मावशी. मला माहीत नव्हतं."

"परत कशाचे? ते माझेच होते, हे तरी कुणाला माहीत?"

त्यांनी तिथूनच अकीलला फोन लावला. तो म्हणाला, "हजारो सौदे होतात, सिस्टर. तुमचा त्याला गेला की सुरतच्या कोणाला, कोणीच सांगी शकणार नही."

सिस्टरांनी पेढा खाल्ला आणि विनोदला वर्षभराची गोळाबेरीज विचारली. तो आधी टाळत होता. मग म्हणाला, हा फायदा धरूनही तोटाच आहे. त्या रागावल्या नाहीत. घेण्याआधी विकणारा आपल्याला हे का विकतोय, एवढं मनाशी विचारत जा, असं म्हणाल्या. विनोदने नाद सोडला नाही, पण कमी केला.

शेअरचे पैसे आले. सिस्टरांनी बरेचसे बँकेत ठेवले, थोडे म्युच्युअल फंडात. लॉटच्या वरचे जे शेअर उरले होते, ते तसेच राहू दिले. नंदुरबारच्या चकरा मात्र थांबल्या नाहीत. मागच्या महिन्यात त्यांना दिसलं, की कंपनीचा तिमाही नफ्या-तोट्याचा निकाल लागायच्या आदल्या दिवशी कॉल आणि पुट दोन्ही महागतात, आणि निकाल लागला की दोन्ही एकदम स्वस्त होतात, भाव फारसा हलला नसला तरी.

"असं का?" त्यांनी अकीलला विचारलं.

अकीलने खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि चहा सांगितला.