कपर्दीचं नाव नसलेला दगड

सानपाड्याच्या पुलाजवळ बसने मला उतरवलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते. काखेत पत्र्याची एक नळी होती आणि तिच्यात चाळीस वर्षांपूर्वीचा कागद. कराडहून निघताना बायकोने विचारलं होतं, "इतक्या वर्षांनी जाऊन काय सांगणार त्या माणसाला?" मी चिडून म्हणालो, "खरं ते सांगेन." चिडलो, कारण हाच प्रश्न मलाही रात्रभर टोचत होता.

मी शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, मी एक राजा सांभाळायला घेतला. कपर्दी त्याचं नाव. उत्तर कोकणातल्या शिलाहार घराण्याचा मूळपुरुष. देशावरच्या बलाढ्य राष्ट्रकूटांचा तो मांडलिक. खाडी, बंदरं आणि भातखाचरांचा हा पट्टा त्याच्या ताब्यात आला आणि त्याने तो असा धरला, की पुढे या मुलखालाच त्याच्या नावावरून कवडीद्वीप म्हणू लागले. त्याची राजधानी पुरी नक्की कुठे होती यावर अजून विद्वान भांडतात. आणि गंमत बघा, इतक्या मोठ्या माणसाचा स्वतःचा एकही लेख हाती नाही. मुलाने, नातवाने, पुढच्या पिढ्यांनी आपापल्या लेखांत त्याचं नाव घेतलं, म्हणून तो आपल्याला ठाऊक. तरुणपणी मला वाटायचं, त्याच्या नावाचा एखादा दगड आपल्याला सापडेल आणि आपलंही नाव होईल. त्याच नादात मी पहिल्यांदा इथे, खाडीकाठच्या बोनकोडे गावी आलो होतो.

रिक्षावाला जावळीकडचा निघाला. माझी बोली ऐकताच म्हणाला, "कराडकर काय? मग मीटरचं टेन्शन घेऊ नका, बसा निवांत." तुर्भ्याला ट्रकांच्या रांगेत आम्ही अर्धा तास अडकलो. त्याचे वडील मार्केटात पोती उचलायचे, हा तिथेच लहानाचा मोठा झाला. मी खाजणाबद्दल (बांध घालून खाडीचं पाणी अडवलेली भातजमीन) विचारलं तर म्हणाला, "इथं शेती? काका, मी जन्मापासून ट्रकच बघतोय." एवढं बोलून त्याने मला मोठ्या ऐटीत भलत्याच गावच्या देवळापाशी सोडलं. नळी सावरत, सोसायट्यांच्या वॉचमनांना विचारत मी पाऊण तास चाललो. गुडघ्यांनी मला शिव्या घातल्या. मला त्या रास्तच वाटल्या.

मी पाहिलेलं बोनकोडे खाडीच्या वाऱ्यातलं होतं. कौलारू घरं, दारात वाळत घातलेली जाळी आणि पुढे नजर जाईल तिथपर्यंत भात. आता चहूकडून इमारतींनी घेरलेलं, गल्लीला गल्ली चिकटलेलं गाव आहे. तेव्हा त्या भातातच एक गधेगाळ उभा होता. गधेगाळ म्हणजे जमीन दान दिल्याचा दगड. वर चंद्रसूर्य, मध्ये लेख आणि खाली हुकूम मोडणाऱ्याला कोरून घातलेली शिवी. शेत जोमाबाबा नावाच्या आगरी शेतकऱ्याचं होतं. त्याने नारळाच्या सोडणाने दगड घासून दिला, त्याच्या लेकीने पाणी ओतलं, मी ओला कागद बसवून शाईने ठसा घेतला. जोमाबाबा अक्षरांवरून बोट फिरवत होता. त्या दिवसांत नव्या शहरासाठी जमिनी जाणार अशी कुणकुण होती. त्याने विचारलं, "मास्तर, यात आमचा खाजन हाय का? आमच्या मानसांचा काय लिवलाय का?" मी म्हणालो, "वाचून सांगतो. आठ दिवसांत येतो."

घरी येऊन मी त्या ठशात एकच गोष्ट शोधली. कपर्दी. ती नव्हती. दगड खूप नंतरच्या राजाचा होता. मी कागद गुंडाळून नळीत घातला. पुढे बोनकोड्याहून दोन कार्डं आली, कुणाकडून तरी लिहून घेतलेली. दोन्हींत तेच, 'मास्तर, काय लिहिलं आहे ते कळवावे.' पहिलं कुठे गेलं आठवत नाही. दुसरं मी पुस्तकात खूण म्हणून घातलं. उत्तर दिलं नाही. खाजण वाचवणं माझ्या हातात नव्हतं हो, पण दोन ओळी लिहायला माझं काय जात होतं?

यंदा कपर्दीवर लिहायला बसलो तेव्हा नळी उघडली. भिंग घेतलं आणि पहिल्यांदा तो दगड पूर्ण वाचला. जोमाबाबाने विचारलं होतं त्याचं उत्तर त्यात होतं. म्हणून हा प्रवास.

गावात विचारत एका तिमजली घराशी पोचलो. दारात साठीच्या आत-बाहेरची बाई सुकट निवडत होती. मी नाव सांगितलं. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ठसेवाला मास्तर?" ती म्हणाली. "मी हिरू. पानी मीच ओतलेला." मी जोमाबाबांचं विचारलं. तिने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "बाबाला जाऊन लय वर्सा झाली." मी नळी खाली ठेवली.

तिने आधी खाऊ घातलं. तांदळाची भाकरी आणि सुकटाचं कालवण. मी नको नको म्हणत होतो. ती म्हणाली, "बाबा असता त तुमाला उपाशी सोडला असता का?" मग आम्ही दगडाकडे गेलो. घरामागे दोन इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पत्र्याची शेड होती, भगवा झेंडा होता आणि आत शेंदराचा एक जाड लालभडक उंचवटा. चंद्र नाही, सूर्य नाही, एक अक्षर नाही. मी हात लावला. बोटभर थर असेल.

"हा कुणी फासला?" मी जरा जोरातच विचारलं. मास्तरकी अंगातून जात नाही.

"बाबानी," हिरूताई म्हणाली. "भात गेला. मंग रस्त्यासाठी मशीन आयली. दगड उखडून भरावात टाकाला निगाले. बाबा डबाभर शेंदूर घेऊन आयला, समदा दगड माखला, झेंडा लावला. देवाला कोन हात लावतो? मशीन वलसा घालून गेली."

"पण अक्षरं बुजली ना."

"बाबा बोलला, मास्तर येनार हाय. तवर दगड हलाला नाय पायजे." तिने शेंदराकडे बोट दाखवलं. "तो दर अमुशाला शेंदूर चढवाचा. तो गेला, मंग मी चढवते."

मी तिथेच पायरीवर बसलो. तो माणूस माझ्यासाठी दगड राखत होता, आणि मी त्याच्या कार्डाने पानं अडवत होतो. मग मी विचारलं, "हे शेंदराचं कवच काढता येईल का?" तिने नकारार्थी मान हलवली. शेंदूर आपण होऊन गळून पडेल तेव्हाच काढायचा, ही रीत. मीही हट्ट धरला नाही.

मी नळीतून कागद काढला. तिने एक टोक धरलं आणि बापासारखंच अक्षरांवरून बोट फिरवलं. मी वाचून एकेक ओळ सोपी करून सांगितली. चंद्रसूर्य असेतोवर हे दान चालावं. खाजणाच्या चार सीमा सांगितल्या आहेत. पश्चिमेला खाडी. खाजण देवाच्या पूजेसाठी दिलं आहे, पण बांध राखणाऱ्या आणि कसणाऱ्या गावकऱ्यांना कुणी उठवू नये. आणि शेवटी साक्षीदार, याच गावचे चार जाणते, नावानिशी. ती चारही नावं मी वाचली.

"म्हंजी आमची मानसा हायेत," ती म्हणाली.

"आहेत. राजाइतकीच ठळक. हे मी तेव्हा कळवलं असतं तर..."

"हापिसात काय चालला नसता, मास्तर. जमीन गेलीच असती." तिने पदराने कागदाची कड पुसली. "पन बाबाला कलला असता. मरताना पन इचारत व्हता, मास्तरचा कागद आयला का?"

मी तिची माफी मागितली. ती "ऱ्हाव दे" म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं. ठसा मी तिच्याकडेच ठेवला. निघताना म्हणालो, "परत येईन."

"या," ती म्हणाली. "पन आट दिसांत येतो बोलू नका."

संध्याकाळच्या बसने कराडला परतलो. कपर्दीच्या पुस्तकाचं पहिलं पान मी फाडलं. त्यात मी त्याच्या पराक्रमाने सुरुवात केली होती. आता वाटतं, तो राहिला तो मागच्यांनी नाव राखल्यामुळे, आणि असं राखणारं माणूस मला एकदा प्रत्यक्ष भेटलं होतं. मी त्याला विसरलो.

मग पोस्टातून एक कार्ड आणलं. समोर ते दुसरं, पिवळं पडलेलं कार्ड ठेवलं आणि त्याला उत्तर लिहिलं. 'जोमाबाबांस, सप्रेम नमस्कार. आपण विचारलेत, त्याचे उत्तर द्यायला उशीर झाला. होय, तुमचे खाजण आहे. तुमच्या माणसांची नावेही आहेत.' खाली चारही नावं लिहिली. पत्त्यावर हिरूताईचं नाव घालावं असं आधी वाटलं होतं. पण कार्ड ज्याने पाठवलं होतं त्याचंच घातलं, आणि पेटीत टाकून आलो.