तिसरी हाक

दिवेलागणीनंतर कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही, असा आमच्या वाडीत कायदाच होता. पहिल्या हाकेला गप्प बसायचं. दुसरीलाही गप्प. तिसरी आली की मगच उठायचं, कारण चकवा दोनदाच हाक मारतो, तिसऱ्यांदा त्याला तोंड उघडता येत नाही. म्हणून आमची माणसंही एकमेकांना तीन-तीन हाका मारायची, मग शेजारणीकडे नुसतं विरजण मागायचं का असेना. आज हे सांगितलं की माझी नातवंडं फिदीफिदी हसतात. हसा मेल्यांनो, तुमचं काय जातंय! बटण दाबलं की तुमच्याकडे उजेड.

बदलापूर आणि वांगणीच्या मधल्या डोंगरात, अर्ध्या चढावर एक सपाटी आहे. तिला पदर म्हणतात. त्या पदरात आमची सात-आठ घरं. पाठीमागे डोंगर उभा, त्यामुळे थंडीत गुरं परतायच्या आधीच ऊन गुडूप व्हायचं आणि गारठा अंगणात येऊन बसायचा. खाली लांबवर फाळणीत आलेल्या निर्वासितांच्या कॅम्पातले दिवे लुकलुकायचे. कॅम्प वसून तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. तिथले रिकामे रॉकेलचे डबे आमच्याकडे घरोघरी होते, कुणी पाणी भरायचं, कुणी दाणे ठेवायचं.

भात झोडून झालं, वाल पेरून झाले की पुरुषांना काम थोडं. माझ्या बाबाला लाकूड कोरायचा भारी नाद. शेकोटीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसायचा आणि पांगाऱ्याच्या लाकडातनं भोवरे, बैल, बाहुल्या काढायचा. पांगारा हलका, मऊ, चाकू लोण्यात चालल्यासारखा चालतो. आई करवादायची, "नांगराचं रुमणं मोडून पडलंय ते कोण करणार? पोरीची खेळणी पोट भरणार आहेत का?" बाबा नुसता हसायचा. आईला उलट उत्तर द्यायचं नाही आणि हातातलं काम थांबवायचं नाही, दोन्ही त्याला बरोबर जमायचं.

त्या वर्षी मी हट्ट धरला, मला वासरू पाहिजे. बैल नको, वासरूच. ओढ्यापलीकडच्या उतारावर पांगारा होता. दुपारची भाकर खाऊन बाबा कोयता घेऊन निघाला. "बाय, येतो दिवे लागायच्या आत," म्हणाला. मला तो बायच म्हणायचा.

त्या थंडीत वाडीत आधीच सगळ्यांची पाचावर धारण बसलेली. वाघरू फिरत होतं. वाघरू म्हणजे बिबट्या. शेवटच्या घरातली शेळी गेली, मग आमचं कुत्रं गेलं, अंगणातनं, एवढंसंही ओरडलं नाही. तेव्हापासून अंधार पडला की मी परसदारीसुद्धा आईचा पदर धरून जायची.

ऊन गेलं. दिवे लागले. बाबा नाही.

अंगणात पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडकं उपडं करतात आणि भोवती जाळ करतात, ती पोपटी. एरवी त्या वासानं आम्ही नाचायचो. त्या दिवशी सगळे जाळाभोवती बसले होते आणि मान वळवून वळवून ओढ्याकडे बघत होते. आईनं तर तिकडे पाठच केली होती. ती एकच शेंग हातात फिरवत होती.

आणि हाक आली. "बायेऽऽऽ!"

बाबाचा आवाज. मी उठलेच. मोठ्या काकानं, म्हणजे बाबाच्या थोरल्या भावानं, माझा दंड धरून मला खाली बसवलं. "गप! एकच झालीय."

जाळाचा तडतडाट सोडला तर आवाज नाही. मग पुन्हा, "बायेऽऽऽ!" ही जरा फाटलेली, कळ आल्यासारखी. काकाचा तळवा माझ्या तोंडावर आला. त्याला तंबाखूचा वास होता, आणि दुसऱ्या हातानं काका पाठीमागे कुऱ्हाड चाचपडत होता. एवढा दांडगा माणूस, बैलाचं शिंग धरून मागे रेटणारा, तोही घाबरला होता. ते कळल्यावर मी धडपड सोडली.

आम्ही तिसरीची वाट बघत बसलो. मी मनात म्हणत होते, मार रे बाबा, मार, एकदाच मार.

तिसरी आलीच नाही.

"चकवा आहे," काका म्हणाला. "आत चला. दारं लावा. पोरीचा बाबा यायचा तेव्हा येईल."

मला तेव्हा दोन्हींची भीती वाटत होती, हे मी कुणाला सांगू? तो चकवा असेल तर तो माझं नाव घेऊन माझ्यासाठी आला होता. आणि चकवा नसेल तर माझा बाबा तिथं अंधारात एकटा होता आणि आम्ही दारं लावत होतो.

माझी आई काकासमोर कधी बोलायची नाही. डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. ती उठली. जाळातलं एक जळतं लाकूड उपसलं, पोपटीचं मडकं कलंडलं त्याकडे बघितलंसुद्धा नाही. अंगणाच्या कडेला जाऊन तिनं बाबाला हाक मारली. नावानं! उखाणा सोडला तर जे नाव तिनं आयुष्यात तोंडातनं काढलं नव्हतं, ते सगळ्या वाडीदेखत, दिराच्या देखत, ओरडून. एकदा, दोनदा, तीनदा.

पलीकडून काहीच नाही.

"बघितलंस? असता तर ओ दिली नसती का?" काका म्हणाला.

आईनं ऐकलंच नाही. ती लाकूड घेऊन वाटेला लागलीसुद्धा. बाई एकटी चालली म्हटल्यावर पुरुषांना लाज वाटली असावी. कुणी चूड पेटवली, कुणी कुऱ्हाड घेतली, काकानं रॉकेलचा डबा उचलला आणि तो बडवत, शिव्या देत सगळे निघाले. मला शेजारच्या काकूनं कवटाळून धरलं होतं. उजेड ओढ्यात उतरले, पलीकडे चढले, हलत हलत एका ठिकाणी थांबले. डबाही थांबला. आणि आईची किंकाळी आली.

मला वाटलं, झालं, मेला माझा बाबा.

मेला नव्हता. घोंगडीत घालून आणला. वाळल्या गवतावरनं पाय सुटून तो खाली कपारीत पडला होता, पायाचं हाड मोडलं होतं. पण मी त्या पायाकडे बघतच नव्हते. आणणाऱ्यांपैकी एकजण दबक्या आवाजात सांगत होता, की सापडला तेव्हा त्याच्या तोंडात मुंडाशाचा बोळा होता, पार घशापर्यंत. "चकव्यानंच तोंड बांधलं," काका म्हणाला आणि उंबऱ्यावर मीठ टाकलं. पुढे कितीतरी दिवस मी तोंडावर गोधडी घेऊन झोपले नाही.

वैदूनं कामट्या बांधून पाय बसवला. बाबा ओटीवर पडून असायचा. आठवडाभरानं त्यानं चाकू मागितला. पांगाऱ्याची ती फांदी कुणीतरी उचलून आणली होती. वासराचं तोंड दिसायला लागलं तेव्हा मी धीर करून विचारलं, "बाबा, तिसरी हाक का नाही मारलीस? चकव्यानं धरलं होतं?"

"कसला चकवा! वाघरू आलं होतं."

"कुठं?"

"ओढ्यातल्या दगडावर. वाटेतच." तो चाकू चालवत होता. "दोन हाका मारल्या आणि ते दिसलं. तिसरी मारली असती तर सगळ्यांच्या आधी तूच सुटली असतीस. तुला काय सांगून थांबवता येतं?"

"मग तो बोळा?"

"कळ यायची ना. कण्हलो असतो, तुझ्या आईनं ऐकलं असतं. बाईनं तरी यायचंच ठरवलेलं! पण जाळ घेऊन आली, डबा वाजला, तसं ते पळालं."

मला असा संताप आला! "आणि तुला खाल्लं असतं म्हणजे?"

"पोट भरलं असतं त्याचं. मग तुमच्याकडे कशाला आलं असतं?" असं म्हणून तो हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात? अजून विचारते मी. मी ते वासरू त्याच्या हातातनं हिसकलं आणि अंगणात भिरकावलं. रडत ओरडले, "यापुढे तू एकदा जरी हाक मारलीस ना, तरी मी येणार! पहिल्याच हाकेला येणार! कुणी धरलं तरी येणार!"

त्याचं हसू थांबलं. मग म्हणाला, "जा, वासरू आण. कान राहिलेत त्याचे."

पाय बरा झाला, पण लंगडा राहिला. बाबा पुन्हा रानात जायला लागला, कधी कधी उशीरही व्हायचा. पण दिवे लागल्यावर त्यानं मला पुन्हा कधीच हाक मारली नाही. एकदासुद्धा नाही. लांबून हाक न मारता लंगडत, काठी आपटत यायचा आणि दारात येऊन खोकायचा. मी चुलीपाशी ताट पुढे घेऊन बसलेली असायची. आई म्हणायची, जेव गं. पण काठी अंगणात वाजेपर्यंत मी घास मोडायची नाही.