बाबांचा उंबरठा

बाबा पडले ते डिसेंबरातल्या एका सकाळी, मधल्या खोलीत, सपाट फरशीवर. ‘सपाट’ हा शब्द मी आज मुद्दाम लिहितो आहे. त्या वेळी तो माझ्या डोक्यात शिरलाच नव्हता.

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. सक्करदऱ्याकडे बाबांनी नोकरीत असताना बांधलेलं घर, एकामागे एक अशा तीन खोल्या. बाबांना कंपवात होता. पाय घासत, इंचाइंचाने चालायचे. तरी रोज सकाळी मधल्या खोलीतल्या पलंगावरून उठून समोरच्या खोलीत बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायला ते स्वतःच्या पायांनी जात. हात धरलेला खपत नसे. “मले चालता येते,” म्हणायचे. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणखी एकदा पडले तर खुब्याचं हाड जाईल आणि चालणं संपेल. ते चालणं वाचवायचं, एवढंच माझ्या मनात होतं.

हेतू चांगला असला की माणूस कोणाचं ऐकत नाही. मी तर एरवीही ऐकत नाही. आठ दिवस वाचून वाचून ठरवलं, त्या गुळगुळीत थंडगार फरशीवर लाकडी जमीन घालायची. ही तरंगती जमीन असते, म्हणजे फरशीला खिळा नाही की गोंद नाही. खाली फोमचा पातळ थर, त्यावर लाकडाच्या पट्ट्या एकमेकींत अडकवत जायच्या. वर खऱ्या लाकडाचा पापुद्रा, आत प्लायवूड. पाय घसरत नाही आणि पडलंच तर मारही कमी. तिन्ही खोल्यांत सलग घालायची, मध्ये काही नको, असं मी ठरवलं. आतल्या दोन्ही दारांत सागवानी उंबरठे होते, चांगले उंच. ते काढावे लागणार होते.

मिस्त्री पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस. पट्ट्यांची खोकी त्याने दोन दिवस नुसती खोलीत ठेवून दिली, लाकडाला घरची हवा लागू दे म्हणून. भिंतीपासून बोटभर जागा सोडायची, हेही मी मान्य केलं. दारापाशी मात्र आमचं वाजलं.

“उंबरठा राहू द्या भाऊ,” तो म्हणाला. “नाही तं दारात जमीन तोडून मधात जोडपट्टी लावा लागते. उन्हाळ्यात कूलर चालू झाला का लाकूड पाणी पेते. लांबच्या लांब जमीन फुगून वर येते.”

“काही येत नाही. बाबांचा पाय अडकंल तिथं.”

“आजवर अडकला का?”

“तुमाले सांगतलं तेवढं करा,” म्हणालो.

आमच्याकडे उंबरठा पुजायची रीत नाही, त्यामुळे काढताना मनाला काही लागलं नाही. पण बाबांची एक गोष्ट मला पाठ होती. गावी त्यांच्या वडिलांना मालकाच्या उंबरठ्याबाहेर उभं राहून बोलावं लागे. आत पाऊल टाकायची सोय नव्हती. पुढे इथे घर बांधताना सुताराने बाबांना विचारलं, आतल्या दारांना उंबरठे कशाला? बाबा म्हणाले, “लाव. चांगला उंच लाव. आमच्या घरचा आमी ओलांडू.” करवत चालू असताना ती गोष्ट मला आठवली होती. जुन्या गोष्टी, म्हटलं.

बाबा तेव्हा पलंगावर बसून होते. एकदाच म्हणाले, “काहून काढून राहिला गा?”

“तुमच्यासाठीच न, बाबा.”



तीन दिवसांत काम झालं. देखणं झालं, खोटं कशाला बोलू. समोरच्या दारातून पाहिलं की मागच्या खिडकीपर्यंत एकच मधाच्या रंगाची जमीन. दुसऱ्या सकाळी बाबा उठले, आठ-दहा पावलं चालले आणि दारात येऊन थांबले. अंग पुढे झुकलेलं, गुडघे थरथरताहेत आणि पाय जागचे हलत नाहीत.

“चला बाबा, काही नाही तिथं आता.”

“तेच तं,” बाबा म्हणाले.

रोज हेच होऊ लागलं. मी हात धरला की झटकायचे. काही दिवसांनी त्यांनी उठणंच सोडलं. मेणबत्ती मी लावायचो आणि ते पलंगावरून बघायचे. मला राग यायचा, तोही त्यांचाच. मनानं घेतलंय त्यांनी, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. उन्हाळा आला, दिवसरात्र कूलर चालला, पण लाकूड काही फुगलं नाही. तेवढ्यापुरता मी बरोबर ठरलो.

जूनच्या शेवटी फिजिओथेरपीच्या बाई घरी येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, “इथं आधी काही होतं का हो?” मी सांगितलं. मग त्यांनी समजावलं की या आजारात पाय सपाट जागी गोठतात, दारात तर हमखास. समोर ओलांडण्यासारखं काही दिसलं की उचलतात. इतके दिवस तो उंबरठाच बाबांना पाऊल देत होता. मिस्त्रीने विचारलं होतं, अडकला का? एकदाही अडकला नव्हता. उंटावरचा शहाणा मी, दुसऱ्याची भिंत पाडायला लावणारा.

बाईंनी दारात लाल टेपची आडवी पट्टी चिकटवली. बाबांनी खाली पाहिलं. मग त्या कागदाएवढ्या जाडीच्या पट्टीवरून त्यांनी पाय उंच उचलला, पलीकडे ठेवला, आणि मागोमाग दुसरा. थरथरत्या हाताने मेणबत्ती लावली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो.

पण पाच महिने बसून पायांतली ताकद गेली होती. असे ते जेमतेम नऊ-दहा दिवस चालले. पुढे अंथरुणाला खिळले. एका दुपारी विचारलं, “उंबरठे कुठी ठेवले?”

“माळ्यावर आहेत,” मी म्हणालो. ते मलब्याबरोबर केव्हाच गेले होते.

“बरं. सागवान आहे. फेकजो नको.”

पावसाळा संपता संपता बाबा गेले.

महिन्याभराने मी त्याच मिस्त्रीला बोलावलं. मधल्या दारातली जमीन कापून तिथे उंबरठा बसवायचा होता. ‘उंबरठा राहू द्या म्हटलं होतं,’ असं तो एका शब्दाने म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं. कानामागची पेन्सिल काढून दारात उकिडवा बसला.

“किती उंच होता, भाऊ?”

मला सांगता येईना. जन्मभर मी तो ओलांडला होता, पण माप कधी घेतलं नव्हतं, काढतानाही नाही. मग मी त्या लाल पट्टीपाशी खाली बसलो आणि बाबांचा पाय जिथवर उचलला गेला होता, तिथवर हात आडवा धरला. “एवढा,” म्हटलं. मिस्त्रीने माझ्या हाताखाली फूटपट्टी उभी केली.